पाठीचं माप

धुळ्यात मला भाड्याची खोली मिळाली ती माझ्या पाठीमुळे. तोंडाकडे बघून बऱ्याच घरमालकांनी आधी नकार दिला होता, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. एकटा मुलगा, कचेरीत नुकता चिकटलेला, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारा. अशाला कोण घरात घेईल? आबांनी मात्र माझं नावसुद्धा विचारलं नाही. ओट्यावर मांडी घालून ते चक्क विणत बसले होते. सुया न थांबवता म्हणाले, "त्या कडुनिंबापर्यंत जा आणि ये."

मी गेलो आणि आलो.

"पुन्हा जा. येताना दिसतं ते काय कामाचं?"

पुन्हा गेलो. वाटेत एक शेळी आडवी आली, तिला वाट द्यायला मी बाजूला झालो. मागून आबांचा आवाज आला, "अगं, याला मागची खोली दे. पळून जाणाऱ्यातला नाही हा. पळायचं झालं तरी आधी परवानगी मागेल."

आतून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, हात पुसत आल्या. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "आत ये रे भाऊ. त्यांचं मनावर घेऊ नको. मलाही लग्नाआधी विहिरीकडे जाताना मागूनच बघितलं होतं. तोंड बघितलं ते थेट अंतरपाट काढल्यावर."

"आणि फसलो का?" आबा म्हणाले.

"तुम्ही नाही फसलात. मी फसले."

ते दिवस स्वातंत्र्यानंतरचे. ओट्याओट्यावर भाषावार प्रांतांच्या गप्पा रंगत. आबांच्या ओट्यावर मात्र खांद्यांच्या गप्पा चालत. कुणाचा खांदा उतरलाय, कुणाच्या पाठीला बाक येतोय, कोण डाव्या पायावर जास्त भार देतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. समोरून कोणी आलं की मान खाली, सुया चालू. माणूस पुढे गेला की मान वर.

आबा मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. मालगाडीला रस्ता शेवटी मिळतो. नरडाण्यासारख्या स्टेशनावर बाजूच्या रुळावर गाडी उभी करायची आणि मेल निघून जाईपर्यंत थांबायचं. बाकीचे गार्ड अशा वेळी झोपत किंवा पत्ते कुटत. आबांना या दोन्हींचा कंटाळा. भुसावळच्या रेल्वे वस्तीत एका ड्रायव्हरची विधवा मडम राहत असे, तिच्या ओसरीवर बसून ते विणकाम शिकले. मिशीवाला सहा फुटी गार्ड आणि हातात लोकर! स्टेशनमास्तर हसले, हमाल हसले, मग थंडी पडली आणि सगळे रांगेत येऊन उभे राहिले.

"मी जन्मभर गाडीच्या शेपटाला बसलेला माणूस," ते सांगत. "मला पुढून काही दिसलंच नाही. गाव दिसायचं ते मागे गेल्यावर. माणसंही तशीच." आणि मग त्यांचं आवडतं वाक्य: "तोंड माणूस लोकांसाठी तयार करतो. पाठ तयार करायला त्याचा हात पोचत नाही."

मडमने त्यांना एक छापील कागद दिला होता. लोकरीच्या गुंड्यांबरोबर यायचे तसला. वर कार्डिगन घातलेल्या हसऱ्या बाईचं चित्र, खाली इंग्रजीत नमुना: पाठ एक, पुढचे भाग दोन, बाह्या दोन, मधे बटणपट्टी. अगदी सोपा. गल्लीतल्या बायका तो उतरवून नेत आणि टाक्याला टाका जुळवून विणत. मग तो स्वेटर कुणाला मागून वर चढे, कुणाच्या काखेत काचे, कुणाची बटणं ओढून तोंड वासत. बायका तो घेऊन आबांकडे येत.

"नमुन्याप्रमाणेच विणला हो आबा!"

"म्हणूनच बिघडला. या चित्रातल्या बाईचे दोन्ही खांदे सारखे आहेत. अशी बाई मला धुळ्यात दाखव, मी तुला माझ्या पैशाने लोकर आणून देतो."

आबा नमुना टाकून देत नसत. त्यात त्या माणसापुरती मोडतोड करत. शेजारचे वकील पोटाने सुटलेले. त्यांच्यासाठी पुढच्या दोन्ही भागांत पोटाच्या जागी जास्तीच्या ओळी घातल्या, काठाला जाऊन मिळणाऱ्या नव्हेत, अर्ध्यातूनच परतणाऱ्या. त्यामुळे कापडाला तेवढीच फुगोटी आली आणि खालची कड सरळ राहिली. स्वेटर घालून वकीलसाहेब खूश होऊन आरशात बघत होते, तेवढ्यात आबा सगळ्या पक्षकारांसमोर म्हणाले, "पोट आहे तेवढं धरलंय. पुढच्या हिवाळ्याचंही थोडं धरून ठेवलंय."

रोज कासंडी उचलून दूधवाल्याचा उजवा हात लांब झाला होता. त्याला एक बाही लांब मिळाली. तो बरीच वर्षं गिऱ्हाइकांना दोन्ही हात पुढे करून दाखवत असे.

माप ते सुतळीने घेत. टेपवर त्यांचा राग. "टेप आकडा सांगतो, सुतळी माणूस सांगते," म्हणत. छातीला एक गाठ, काखेला एक, कमरेला एक. आधी मागून बघायचं, पटलं तर पुढे येऊन म्हणायचं, "हात वर करा जरा." आबांनी हात वर करायला सांगितलं म्हणजे तुम्ही त्यांच्या माणसांत आलात, असं गल्ली धरून चालत असे. पैशाने ते माप मिळत नव्हतं.

मला ते पहिल्याच हिवाळ्यात मिळालं. करड्या लोकरीचा स्वेटर झाला. त्याची पाठ पुढच्या भागांपेक्षा चांगलीच लांब होती. मी घाबरत घाबरत विचारलं, काही चुकलंय का.

"चुकलं नाही. तू सगळ्यांची माफी मागत चालतोस. पाठीला बाक येतो. साधा नमुना घातला तर मागून वर चढेल आणि कंबर गारठेल. म्हणून त्या जास्तीच्या ओळी. माफीच्या आहेत त्या."

अक्का आतून म्हणाल्या, "सगळ्या माफ्या मावल्या का त्यात?"

"नाही मावल्या. लोकर संपली."

आता खरं सांगायचं तर हा स्वभाव माझा अजूनही गेला नाही. रस्त्यात धक्का देणाऱ्यालाच मी माफ करा म्हणतो. कुणाच्या घरी कप फुटला की तो मीच फोडला असावा असं वाटून माझे कान गरम होतात. तेव्हा पुढे जे घडलं त्यातला माझा वाटा मी वाढवून सांगतोय की खरा तेवढाच सांगतोय, हे मला नक्की कळत नाही. सांगून टाकतो.

आबांना एकच मुलगी. ती जळगावजवळ पिंप्राळ्याला दिलेली होती, म्हणजे आबांनी दिलेली नव्हती, ती गेलेली होती. मी राहायला येण्याच्या बरंच आधीची गोष्ट. मुलगा शिक्षक, घरचे शेतकरी, मुलीला पसंत, अक्कांनाही पसंत. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, मुलगा निघाला. आबा गुपचूप त्याच्या मागे स्टेशनपर्यंत चालत गेले. परत येऊन त्यांनी जाहीर केलं, "हा माणूस खरा नाही. चोरून चालतो. पाय पूर्ण टेकत नाही."

मुलीने विचारलं, "तोंडाशी बोललात का त्यांच्या?"

"बोलायची गरज नाही. मी पाठ बघितली."

मुलगी बापाचीच. तिने लग्न केलं, आबा गेले नाहीत. निघताना ती एवढंच म्हणाली, की ज्या दिवशी तुम्ही त्यांना पुढून बघाल, त्या दिवशी मी या घरात येईन. तेव्हापासून अक्का वर्षाकाठी माहेरी शिरपूरकडे जाते सांगून पिंप्राळ्याला जाऊन येत. आबांना ते माहीत होतं. आबांना माहीत आहे हे अक्कांनाही माहीत होतं. शिरपूरहून आणली म्हणून पिंप्राळ्याची केळी त्या घरात निमूटपणे खाल्ली जात.

एकदा अशाच परत आल्या आणि माझ्यासमोर, पण आबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "भाऊ, तुला गंमत सांगते. एकाने मुलगी बघायला जाताना मित्राचे नवे बूट उसने घेतले. लहान झाले. टाचा सोलून निघाल्या. तो आपला पाय उचलून उचलून चालला. आणि मागून चालणाऱ्या एका शहाण्याने त्याचं चारित्र्य वाचलं!"

ओट्यावरच्या सुया थांबल्या. सगळं गाव हसेल, हे सांगायला अक्कांच्या तोंडून मग खास माहेरची अहिराणी निघाली, "बठ्ठं गाव हासी तुमले, समजनं का?"

आबांनी सुया पुन्हा चालू केल्या. पण थोड्याच दिवसांत डाळिंबी रंगाची लोकर घरात आली. एवढी मऊ लोकर त्यांनी कधी कुणासाठी आणली नव्हती. ती तशीच पडून राहिली, कारण माप नव्हतं. अक्का सहज म्हणाव्यात तसं म्हणाल्या, "तिचं एखादं पोलकं मिळालं तर चालेल का?"

"पोलकं म्हणजे शिंप्याचं माप. तिचं नव्हे. आणि मी कुठे म्हटलं कुणासाठी आहे म्हणून?"

थंडी पडली तसं एक दिवस मला म्हणाले, "रविवारी जळगावला चल. भरताची वांगी आणू."

"धुळ्यात वांगी नाहीत?" अक्का म्हणाल्या.

"जळगावची वेगळी."

अक्का मला दाराआड घेऊन कुजबुजल्या, "रविवारी सकाळी ती बाजारात येते, भाजीच्या ओळीत. मी त्यांना सांगत नाहीये हं, तुला सांगतेय."

चाळीसगावला गाडी बदलून आम्ही जळगावला गेलो. आबा इंजिनाकडे पाठ करून बसले होते, मागे पडणारा मुलूख बघत. वाटेत एकच वाक्य बोलले, "मागूनच बघायचं. तिला कळता कामा नये."

आणि दोन सज्जन माणसं भर बाजारात एका बाईच्या मागे मागे फिरू लागली! माझ्या जिवाची काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच समजा. ती दिसली तेव्हा पदर घट्ट लपेटून वांगी निवडत बसली होती. आबा एका हातगाडीआड उभे राहिले. "बसलेल्या माणसाचा खांदा खोटा असतो," ते पुटपुटले. "उठू दे."

ती उठली. त्याच क्षणी माझ्या मागून कुणी गोणी घेऊन आला. त्याला वाट द्यायला, सवयीप्रमाणे, मी मागे सरकलो आणि माझा पाय थेट वांग्यांच्या पाटीत गेला. पाटी कलंडली. हिरवीगार वांगी चौफेर घरंगळली आणि भाजीवाली कडाडली, "डोया फुटनात का भाऊ तुना? बठ्ठा वांगा सांडी टाकात!"

मी तिची माफी मागितली, गोणीवाल्याची मागितली, बहुधा वांग्यांचीही मागितली. पण व्हायचं ते झालं होतं. आवाजाने ती वळली होती. मी गुडघ्यांवर बसून वांगी वेचत होतो, त्यामुळे मला तिचं लुगडंच तेवढं दिसलं. वर बघितलं तर आबा हातगाडीशी उघड्यावर उभे, तिच्याकडे बघत. कितीतरी वर्षांनी लेक समोरासमोर. मग एकदम ते वळले. जन्मभर दुसऱ्यांच्या पाठी बघणाऱ्या माणसाने आपली पाठ तिच्याकडे केली आणि तसेच उभे राहिले. ते पुन्हा वळले तोवर ती गर्दीत गेली होती.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "आबा, माझ्यामुळे सगळं फिसकटलं."

"नाही. मिळालं माप. डावा खांदा उतरलाय तिचा. लग्नाआधी दोन्ही सारखे होते. काय उचलत असेल रोज?" चाळीसगावला गाडी बदलताना ते पुन्हा म्हणाले, "चष्मा लागलाय तिला."

चष्मा पाठीवरून दिसत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तो स्वेटर त्यांनी ज्या निगुतीने विणला तसा दुसरा विणला नाही. डावा खांदा उतरता, डाव्या काखेचा मुंढा जरा खोल, कमरेला थोडं आत घेतलेलं, बाहीचं मनगट घट्ट, काम करताना बाही खाली येऊ नये म्हणून. दोनदा उसवला. शेवटी बटणं लावली आणि स्वेटर घडी करून अक्कांच्या पिशवीशेजारी ठेवला. संक्रांतीला अक्का शिरपूरला निघाल्या होत्या ना!

परत आल्यावर त्यांनी पिशवीतून केळी काढली. आबा सुया हातात धरून बसलेले.

"घेतला," अक्का केळ्यांना म्हणाल्या. "माझ्यासमोर घातला नाही. घडी करून ठेवून दिला."

आबांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी विणणं सोडलं. ओट्यावर बसत, पण रस्त्याकडे पाठ करून. माणसं गेली तरी बघत नसत. दूधवाला मुद्दाम दोनदा पुढून मागून गेला, तरी नाही. मला वाटे, मी ती पाटी सांडली नसती तर ती वळली नसती, तिला बापाचा चोरटेपणा कळला नसता, आणि आज हा माणूस असा भिंतीकडे तोंड करून बसला नसता. हे मी अक्कांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "भाऊ, जगातलं सगळं तुझ्यामुळेच होतं का रे? थोडं आम्हालाही करू दे की."

थंडी ओसरत आली होती. रविवार होता. मी ओट्याच्या पायरीवर बसून दाढी करत होतो. आरशात मला मागचा रस्ता दिसत होता. त्यात एक चष्मा लावलेली बाई येताना दिसली. अंगात डाळिंबी स्वेटर होता, पण त्याला काहीतरी झालं होतं. शिवणी बाहेर आलेल्या, उलट टाक्यांचे उंचवटे वर. उलटा घातला होता, आतली बाजू बाहेर करून. बटणं आत गेल्यामुळे पुढचं तोंड तिने हाताने धरलं होतं.

ती आबांच्या पाठीमागे येऊन थांबली.

"आबा, याची बटणं या बाजूने लावून द्या."

आबांची पाठ ताठ झाली. ते वळले नाहीत. "उलटा का घातलास?"

"सुलट घातला की डावीकडे लोंबतो आणि उजवीकडे काचतो. माझा उजवा खांदा उतरलाय. उलटा केला की बरोबर बसतो."

"उजवा?" आबा गर्रकन वळले. "वळ. पाठ कर."

ती वळली. स्वेटर तिच्या पाठीवर असा बसला होता की जणू अंगावरच विणला असावा. उतार बरोबर उजव्या खांद्यावर.

"उजवा," आबा म्हणाले. "मग मी डावा कसा धरला?"

"पुढून बघितलंत म्हणून. समोरच्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला येतो. तुम्हाला सवय कुठे आहे तोंडाकडे बघायची?"

दारात अक्का कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणालाच कळलं नव्हतं. त्यांनी तोंडाला पदर लावला, हसू दाबायला की आणखी कशाला, कोण जाणे.

"बाजारात मला ओळखलंस?" आबांनी विचारलं.

"तोंडावरून नाही ओळखलं. गर्दीत एक म्हातारा टक लावून बघतोय, एवढंच वाटलं. मग तुम्ही वळलात. तुमची पाठ मी ओळखणार नाही? लहानपणी तुम्ही ड्यूटीवर निघालात की मला तीच दिसायची. कोपऱ्यावर वळेपर्यंत."

आबांनी स्वेटर मागून घेतला. बटणं काढायला बसले. काजांना दोन्ही बाजू सारख्याच, फक्त बटणं तेवढी पलीकडून लावायची होती. गल्लीतली कुठलीही मुलगी ते काम बोलता बोलता करते. ही शिक्षकाची बायको त्यासाठी गाडी बदलून धुळ्याला आली होती. आबांना दोरा ओवता येईना. ओवून दे असं त्यांनी मला सांगितलं, आणि माझ्या तोंडावर साबण होता तरी मी तो ओवून दिला.

बटणं लावून झाली. मुलीने स्वेटर घातला, पण ओटा चढली नाही. तशीच खाली उभी. आबांनी मान वर करून रस्त्याच्या टोकाकडे बघितलं. कडुनिंबाखाली एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता, टांग्याची वाट बघावी तसा. पायात साध्या वहाणा होत्या आणि दोन्ही पाय पक्के टेकलेले होते.

"ते आलेत?"

"आलेत. मी म्हटलं तिथेच थांबा. इथून पुढचं आबांचं काम."

आबा उठले. खुंटीवरची सुतळी त्यांनी घेतली. इतक्या दिवसांनी मी त्यांना तरातरा चालताना बघत होतो, आणि कबूल करतो, मीही तेव्हा मागून बघितलं. त्यांचेही खांदे सारखे नव्हते. गार्डाचा दिवा धरून धरून एक उतरला होता. त्यांनी स्वतःसाठी कधी काही विणलंच नव्हतं.

ते कडुनिंबाशी पोचले. त्या माणसाच्या मागे क्षणभर थांबले. मग त्याला वळसा घालून पुढे गेले आणि अगदी समोर उभे राहिले. बराच वेळ तोंडाकडे बघत होते. काय बोलले असतील, काय मागितलं असेल, इथे ऐकू आलं नाही. शेवटचं तेवढं गल्लीभर ऐकू आलं, कारण आबांचा आवाज मालगाडीवरचा होता.

"जावईबापू, हात वर करा जरा."

आणि त्या बिचाऱ्या शिक्षकाने भर रस्त्यात, पोलिसाने अडवल्यासारखे दोन्ही हात वर केले.

"अहो!" अक्का दारातून ओरडल्या. "माप नंतर घ्या! आधी घरात तरी आणा त्यांना!"